सफरचंदाचा निरो: गोड सायडर म्हणजे काय आणि घरी कसं करावं

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: अमेरिकेतली भाची नाताळच्या सुट्टीत येणार आहे. तिनं केकची कृती पाठवली, त्यात ‘स्वीट ॲपल सायडर, २ कप’ असं लिहिलंय. किराणा दुकानात मागितलं तर ॲपल सायडर व्हिनेगरची बाटली पुढे आली. दुसऱ्या दुकानात सायडर म्हणून जी बाटली दाखवली, तिच्यावर अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं. घरात एकादशी-चतुर्थी करणाऱ्या सासूबाई आहेत, लहान मुलं आहेत. मग हे सायडर म्हणजे औषध, दारू की सरबत? आणि घरी करता येतं का?

ताई, त्या दोन्ही बाटल्या नकोत. केकमध्ये २ कप व्हिनेगर पडलं तर सगळा घाणा फेकावा लागेल. भाचीला हवा आहे तो सफरचंदाचा ताजा रस: दाबून काढलेला, फार न गाळलेला, आंबू न दिलेला. गोव्यात वाढलेल्या माणसाला तो एका शब्दात सांगता येतो. तो सफरचंदाचा निरो आहे.

मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भाटात गेलेल्यांना निरो सांगायला नको. बोंडू, म्हणजे काजूची फळं, कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, तुडवले की पहिला रस वाहून जातो. राहिलेल्या चोथ्याचा ढीग थापून, वेलीनं गुंडाळून त्यावर जड दगड ठेवतात. त्या वजनाखाली थेंब थेंब गळतो तो निरो. गोड, थंड, शेवटी घसा किंचित धरणारा. सकाळी गळलेला निरो दुपारच्या आत प्यायचा, हे आमच्या सत्तरी तालुक्यात पोरांनाही ठाऊक असतं. तुडवून निघालेला रस मात्र दोन-तीन दिवस आंबतो, मग भट्टीवर चढतो. एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. फळ तेच, साखर तीच. मध्ये फक्त वेळ गेलेला असतो.

सफरचंदाचंही तसंच. रस काढल्यापासून तो आंबायला लागेपर्यंतचा जो थोडा काळ, त्यातला रस म्हणजे गोड सायडर. त्यात वेगळं काही घालून तो ‘सायडर’ होत नाही. म्हणून घरी करताना खरी मेहनत दोनच ठिकाणी आहे: फळ निवडण्यात आणि तो काळ लांबवण्यात. गोव्याच्या हवेत दुसरी गोष्ट जास्त अवघड.

नावाचा घोळ का झाला तेही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी पाककृती वाचताना चूक होणार नाही. सायडर हा शब्द लॅटिन ‘सिसेरा’वरून आला, तो त्याआधी हिब्रू ‘शेखार’वरून, आणि त्याचा अर्थच मुळी मादक पेय. पोर्तुगीजमध्ये त्याचं ‘सिद्रा’ झालं. इंग्लंडमध्ये आजही सायडर म्हटलं की आंबवलेलंच, आणि तिथं बाटलीवर ‘स्वीट’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की आंबूनही त्यात थोडी साखर उरली आहे. फ्रान्समधलं ‘सीद्र दू’, म्हणजे गोड सायडर, तेही आंबवलेलंच. त्यात अल्कोहोल फार तर ३ टक्के. अमेरिकेत मात्र साधं ‘सायडर’ किंवा ‘स्वीट सायडर’ म्हणजे न आंबवलेला रस, आणि आंबवलेल्याला ‘हार्ड सायडर’ म्हणतात. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तिथं न आंबलेल्या रसाचा हा अर्थ अधिकच पक्का झाला. म्हणजे ‘स्वीट सायडर’ हा शब्द दिसला की आधी पाहायचं, लिहिणारा कुठला. तुमची भाची अमेरिकेतली, म्हणून उत्तर सरळ आहे.

आणि व्हिनेगर? आंबलेला रस हवेला उघडा राहिला की वेगळे जिवाणू त्यातल्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. आपल्याकडे माडाच्या सुरेचं व्हिनेगर होतं, तीच गोष्ट. त्यात आम्ल साधारण ५ टक्के असतं. गोड सायडरला पर्याय म्हणून ते कधीही चालणार नाही, पाणी घालूनही नाही.

आता फळ. सफरचंदाच्या झाडाला फळ धरण्यासाठी हिवाळ्यात बरेच तास ७ अंशांच्या खालची थंडी लागते, त्यामुळे आपल्याकडे येतं ते सगळं बाहेरून. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुलै-ऑगस्टपासून हिमाचलची पेटी दिसते, सप्टेंबरनंतर काश्मीरची. बहुतेक माल लाल डिलिशियसच्या घराण्यातला, ज्याला फळवाले रॉयल म्हणतात. फिलाडेल्फियाहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी, जे पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, १९१६ च्या सुमारास कोटगढला या जातीची कलमं लावली आणि हिमाचलचं सफरचंद तिथून पसरलं. फळ खायला सुंदर, पण रसाला एकटं पुरत नाही. गोडी भरपूर, आंबटपणा कमी, तुरटपणा जवळजवळ नाही. नुसत्या रॉयलचा रस पहिल्या घोटाला बरा लागतो, तिसऱ्या घोटाला साखरपाण्यासारखा.

इंग्लंडमध्ये सायडरची सफरचंदं चार गटांत मांडतात: गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट. ०.४५ टक्क्यांहून जास्त आम्ल असेल तर आंबट, ०.२ टक्क्यांहून जास्त टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, असेल तर कडू. आपल्याला एवढ्या बारकाईत जायला नको, पण तत्त्व हेच: गोडी, आंबटपणा आणि घसा धरणारा तुरटपणा तिन्ही हवेत. निरो प्यायलेल्या जिभेला हे लगेच पटतं.

म्हणून ३ किलो फळाला मी असं प्रमाण धरते: २ किलो रॉयल, अर्धा किलो पिवळं गोल्डन वासासाठी आणि अर्धा किलो हिरवं ग्रॅनी स्मिथ आंबटपणासाठी. काश्मीरचं महाराजी मिळालं तर हिरव्याऐवजी ते घ्या, आंबट आणि रसाळ असतं. दोन्ही नाही मिळालं तर लिंबू पिळू नका. लिंबाची चव पुढे सरते आणि हातात लिंबू-सरबत राहतं. त्यापेक्षा दोन आवळे बिया काढून सफरचंदाबरोबरच फिरवा. आवळ्यात आंबट आणि तुरट दोन्ही आहे, डिसेंबरात तो बाजारात असतोच. हे मी कुठं शिकले नाही, करता करता हाताला लागलं, आणि आता मला तेच मिश्रण सगळ्यांत आवडतं.

पेटी घेण्याआधी एक फळ चावून पाहा. करकरीत तुटलं तर घ्या. शीतगृहात फार दिवस राहिलेलं फळ आतून पिठूळ होतं. त्याचा रस निघत नाही, लगदा होतो आणि कापडाची भोकं बुजतात. स्वस्त मिळालं म्हणून असं फळ घेणाऱ्यांचा अर्धा दिवस नुसता पिळण्यात जातो.

डागी फळाबद्दल मी कडक आहे. आपटल्यानं तपकिरी झालेला भाग कापून टाकला तर चालतो. पण कुजलेलं, निळसर बुरशी आलेलं, आत काळं पडलेलं फळ संपूर्ण टाकायचं, चांगला अर्धा भाग वाचवायचा नाही. त्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष रसात उतरतं. ते दिसत नाही, आणि तापवल्यानं पुरेसं जातही नाही. सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोला ५० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे किती थोडं पुरतं ते बघा. ‘रसच काढायचाय, मग कुजकं चालेल’ हा विचार मी पुष्कळ घरांत ऐकला आहे. कृपा करून तो सोडा.

फळं कोमट पाण्यात चोळून धुवा, पुष्कळदा सालीवर मेण असतं. साल काढू नका, वास आणि तुरटपणा तिच्यात आहे. मधला बियांचा भाग मात्र काढा. मोठ्या घाण्यात बिया अख्ख्या निघून जातात. आपल्या मिक्सरमध्ये त्या भरडतात आणि रसाला कडवट वास येतो. बियांमध्ये सायनाइड तयार करणारा घटक असतो, म्हणूनही त्या भरडायच्या नाहीत.

फोडी मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. लगदा नको, जाडसर रवाळ भरड हवी, ओल्या खोबऱ्याच्या चवासारखी. ही भरड झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ती तपकिरी होईल. पहिल्यांदा करणारे इथं घाबरतात आणि काळं पडू नये म्हणून काहीतरी घालतात. घालू नका. हवा लागून फळातलं विकर रंग बदलतं, आणि तोच सायडरचा रंग आणि थोडी चवही. टेट्रापॅकमधला पिवळा पारदर्शक रस विकर घालून, बारीक गाळून स्वच्छ केलेला असतो; त्याला म्हणूनच सायडरची चव नसते. अगदीच नड असेल तर केकमध्ये तो चालवता येईल, पण पिण्यासाठी नाही.

आता दाबणं. उकळून वाळवलेलं मलमलचं कापड किंवा जुना स्वच्छ पंचा चाळणीत पसरा, खाली मोठं स्टीलचं पातेलं. भरड भरा, कडा दुमडून पुरचुंडी बांधा, वर ताटली आणि ताटलीवर वजन. आमच्या घरी रगड्याचा दगड ठेवतात. सुरुवातीला हात लावू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं रस आपल्या वजनानं गळू द्या, मग हळूहळू दाब वाढवा. एकदम जोर लावला तर कापड फाटतं नाहीतर गर बाहेर येतो. परदेशातल्या जुन्या घाण्यांमध्येही हेच चालतं: कापडात गुंडाळलेल्या भरडीचे थर, मध्ये लाकडी पट्ट्या, वरून दाब. पूर्वी कापडाच्या जागी गवताचा पेंढा असे. आपल्याकडे वेलीनं बांधलेला बोंडूंचा ढीग आणि तो पेंढ्यातला सफरचंदाचा थर एकमेकांशेजारी ठेवले तर कुणीही म्हणेल, एकाच हाताचं काम.

३ किलो फळातून घरगुती दाबानं दीड लिटर, हात बसला की पावणेदोन लिटर रस निघतो. तुम्हाला केकसाठी २ कप म्हणजे साधारण अर्धा लिटर हवा, बाकीचा प्यायला.

इथवर सगळं सोपं. इथून पुढे घड्याळ सुरू होतं. फळाच्या सालीवर, कापडावर, हवेत यीस्ट असतंच. ३० अंशांच्या हवेत ते सुमारे दोन तासांत दुप्पट होतं. सफरचंदाच्या रसात साखर १० ते १४ टक्के. लिटरमागे १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होतो. म्हणजे १२० ग्रॅम साखरेचा रस पूर्ण आंबला तर ७ टक्क्यांच्या आसपास जातो. थंड देशात शरद ऋतूत हे हळूहळू होतं. आपल्याकडे सकाळी काढलेला रस ओट्यावर राहिला तर दुसऱ्या दिवशी जिभेला चुरचुरतो.

सुरुवातीच्या वर्षात मी न तापवलेला रस काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून, झाकणं घट्ट लावून ओट्यावर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे एक बाटली फुटली. काचा समोरच्या भिंतीपर्यंत उडाल्या होत्या. त्या वेळी ओट्याशी कुणी नव्हतं, एवढंच. तेव्हापासून न तापवलेला रस मी घट्ट झाकणात कधीही ठेवत नाही आणि फ्रिजबाहेर तर नाहीच.

तापवण्याचं दुसरं कारण याहून मोठं आहे. १९९६ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूंची लागण झाली. साठाहून जास्त माणसं आजारी पडली आणि एक लहान मूल दगावलं. रस आंबट असला तरी हा जिवाणू त्यात तग धरतो. त्यानंतर २००१ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं रस विकणाऱ्या उत्पादकांसाठी नियम केला: जंतू एक लाखपटीनं कमी होतील अशी प्रक्रिया हवी. तुमच्या घरात लहान मुलं आणि वयस्क सासूबाई आहेत, त्यामुळे कच्चा रस मी तुम्हाला सुचवणारच नाही. गरोदर बाईलाही देऊ नये.

तापवायचं म्हणजे उकळायचं नाही. उकळलं की ताज्या फळाचा वास जातो आणि शिजवलेल्या सफरचंदाची चव येते. स्टीलच्या पातेल्यात रस घ्या. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ-तांबं नको, रसातलं आम्ल धातूला लागतं. ते पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर ढवळत राहा. ७१ अंशांवर सहा सेकंद हे कारखान्यातलं प्रमाण. घरी सगळीकडे सारखी उष्णता पोचत नाही, म्हणून मी ७५ अंशांपर्यंत नेते आणि पुरतं एक मिनिट धरते. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, अंदाजानं करू नका. वर फेस येतो तो झाऱ्यानं काढा. मग गरम पाण्यातून काढलेल्या काचेच्या बाटल्यांत भरा, झाकण लावा, थोडं निवलं की बाटल्या पाण्यात उभ्या करून पाणी बदलत गार करा आणि फ्रिजच्या आतल्या, सर्वांत थंड कप्प्यात ठेवा. दारातल्या कप्प्यात नको, तो दिवसभर उघडझाप सोसतो. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर आठवड्याचा साठा करूच नका.

असा रस पाच ते सात दिवस चांगला राहतो. तळाशी गर बसेल, बाटली हलवून घ्या, ते खराब होणं नाही. पण झाकण उघडताना फुस्स झालं, बुडबुडे चढताना दिसले, जीभ चुरचुरली तर तो आता गोड सायडर राहिला नाही. तो मुलांना देऊ नका, सासूबाईंनाही नाही. जास्त दिवस हवा असेल तर प्लॅस्टिकच्या डब्यात गोठवा, वरची दहावा हिस्सा जागा मोकळी ठेवून, कारण गोठताना रस फुगतो. भाची येण्याच्या पंधरा दिवस आधी करून गोठवलात तरी चालेल. केकला काही फरक पडणार नाही.

आणखी एक जुनी रीत सांगते, गोव्याच्या हवेला ती फार सोयीची आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात रस आटवून सात भागांचा एक भाग करतात. काळपट, दाट, काकवीसारखा पाक होतो. इथं उकळणंच अभिप्रेत आहे, त्यामुळे ताज्या रसाची नाजूक चव मिळत नाही, पण वेगळीच खोल आंबट-गोड चव येते. साखर इतकी दाटते की फ्रिजमध्ये तो महिनोन्‌महिने टिकतो. भाकरीवर किंवा घावनावर चमचाभर घालून बघा. मी दर वर्षी दोन बाटल्या करते आणि त्या पुढच्या मोसमापर्यंत पुरवते.

डिसेंबरच्या रात्री सायडर गरम करून पिणार असाल तर तुमच्या फोंड्याच्या कुळागरांतला, म्हणजे सुपारीच्या बागांतला, मसाला हाताशी आहेच: दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, चिमूटभर जायफळ. मंद आचेवर वाफ येईपर्यंतच. साखर घालू नका. एका पेल्यात, २०० मिलिलिटरमध्ये, मुळातच २० ग्रॅमहून जास्त साखर असते आणि फळातला चोथा निघून गेल्यानं ती लवकर रक्तात जाते. घरात मधुमेह असेल तर अर्धी वाटी पुरे, आणि जेवणानंतर.

सासूबाईंच्या उपवासाचं: ताजा, न आंबलेला, तापवून गार केलेला रस म्हणजे फळाचा रसच. त्यात दारूचा अंश यायला वेळच दिलेला नाही. ज्या घरात उपवासाला फळांचा रस चालतो, तिथं हाही चालावा. शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना आधी निरोचंच उदाहरण सांगा, त्या लगेच समजतील.

मार्च आला की हीच पद्धत बोंडूला लावून पाहा. बोंडूचा रस घसा जास्त धरतो, म्हणून त्यात भाताची पातळ पेज थोडी घालून तासभर ठेवा. तुरटपणा तळाशी बसतो, वरचा रस अलगद ओतून घ्या. पुढचं तापवणं आणि गार करणं तसंच.

उरलेला चोथा टाकू नका. त्यावर वाटीभर पाणी घालून पुन्हा दाबला तर पातळ रस निघतो, तो त्याच दिवशी सोलकढीसारखा जेवणात संपवा, पण तोही तापवूनच. त्यानंतरचा चोथा आमच्याकडे गाईला जातो. तिच्यासमोर मात्र थोडा थोडा ठेवा, एकदम टोपली नको.